तीन दिवसांत नाशिक जिल्हा

प्रश्न : आम्ही हरसूलचे. नाताळच्या सुट्टीत तीन दिवस जिल्हा पाहायचा आहे. सोबत दोन मुलं आणि गुडघेदुखीची आई. काय निवडावं?

उत्तर : आधी यादी निम्मी करा. त्र्यंबकेश्वर तुमच्या वाटेवरचंच. सुट्टीच्या गर्दीत आईंना तिथे रांगेत उभं करू नका, एरवी कधीही जाता येईल. मुक्काम नाशकात, दोन्ही रात्री एकाच ठिकाणी. रोज बॅगा भरण्यात मुलं कंटाळतात.

पहिल्या दिवशी दुपारनंतर सिन्नरचं यादवकालीन गोंदेश्वर मंदिर. कलत्या उन्हात दगडावरची शिल्पं फार सुंदर दिसतात.

दुसरा दिवस पूर्ण नांदूरमध्यमेश्वरला द्या. गोदावरी-कादवा संगमावरचं हे पक्षी अभयारण्य 2020 मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ ठरलं. उजाडताना चापडगावला पोहोचा. दुर्बीण, कानटोप्या न्याच. पाणवनस्पतींवरून चालणारी जांभळी पाणकोंबडी मुलांना लगेच सापडेल. चक्रवाकासाठी थोडा धीर धरावा लागेल. आईंसाठी घडीची खुर्ची घ्या.

तिसऱ्या दिवशी वणीची सप्तशृंगी. 2018 पासून तिथे फ्युनिक्युलर ट्रॉली आहे, त्यामुळे पायऱ्यांची मोठी चढण वाचते. शक्यतो मंगळवार, शुक्रवार टाळा.

अंजनेरी, ब्रह्मगिरी मुलांसोबत वेगळ्या दिवशी करा.