न्यिरागोंगोची चढण



'माळव्याचे पठार लाव्हारसापासून बनले आहे' हे वाक्य आम्हीही याच शाळेच्या बाकावर बसून पाठ केले होते. परीक्षेत त्याचे गुणही मिळाले. अर्थ मात्र कळला २०१६ साली, काँगो देशातल्या एका डोंगरावर, आणि तोही डोक्याआधी पायांना!

संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेतील भारतीय तुकडी तेव्हा गोमा शहरात होती आणि तिच्या इस्पितळात आम्ही वैद्यकीय सेवेवर होतो. गोमा किवू सरोवराच्या काठी वसले आहे, उंची सुमारे १५०० मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षा थोडीच कमी. शहराच्या उत्तरेला न्यिरागोंगो हा जागृत ज्वालामुखी. रात्री त्याच्या माथ्यावरचे ढग तांबूस दिसत. रोज ते पाहायचे आणि वर जायचे नाही, हे काही जमेना. शेवटी सुट्टी मिळाली आणि आम्ही चौघे निघालो.

वाट किबाटी येथून सुरू होते. तिथून ३४७० मीटरच्या माथ्यापर्यंत जेमतेम आठ किलोमीटर अंतर, पण तेवढ्यात जवळजवळ दीड किलोमीटर उंची गाठायची. हा सारा भाग वीरुंगा राष्ट्रीय उद्यानात येतो. परिसरात सशस्त्र टोळ्यांचा वावर असल्याने बंदूकधारी वनरक्षक पुढे आणि मागे चालत. सामान वाहणारे गावकरी साधे रबरी बूट घालून आमच्या कितीतरी पुढे गेले होते. आमचे महागडे बूट मागेच!

पहिला टप्पा झाडीचा, सुखाचा. मग लागला काळा, सुटा, धारदार दगड. पाय ठेवला की खडखडत घसरे. हा दगड वयाने आमच्यापेक्षा लहान होता! १७ जानेवारी २००२ रोजी या डोंगराच्या दक्षिण अंगाला भेगा पडल्या आणि त्यांतून निघालेला लाव्हा थेट गोमा शहरातून वाहत सरोवराला मिळाला. धावपट्टीचा काही भाग बुजला, एक लाखाहून अधिक लोक बेघर झाले.

लाव्हा इतका दूर का पळाला? उत्तर आईच्या स्वयंपाकघरात आहे. एकतारी पाक ताटलीभर पसरतो, गोळीबंद पाक जागीच बसतो. लाव्हातली सिलिका कमी, तितका तो पातळ. न्यिरागोंगोच्या लाव्हात ती फारच कमी. १९७७ च्या उद्रेकात तो उतारावरून ताशी सुमारे ६० किलोमीटर वेगाने आल्याचे सांगतात. माणूस कितीसा धावणार?

आपल्या दख्खनचा लाव्हा इतका पातळ नव्हता, पण तोही पसरणाराच. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी तो जमिनीतल्या लांबच लांब भेगांतून बाहेर आला आणि थरावर थर साचत गेले. पाताळपाणीच्या सहलीला जाल तेव्हा धबधब्याशेजारचा कडा नीट पाहा. तोच दगड झिजून आपली काळी माती झाली. गोम्याच्या आसपासही नव्या राखेच्या सुपीक मातीत घेवडा, बटाटे, केळी जोमाने येतात. लोक असल्या डोंगराच्या पायथ्याशी का राहतात, असे आपण सहज विचारतो. त्यांचे शेत तिथे आहे.

आता आमची चूक सांगतो. तिसऱ्या विसाव्याला आमच्यातला एक जण म्हणाला, "डोकं दुखतंय." आम्ही हसून म्हटले, "पाणी पी, चल." चौघेही वैद्यकीय पेशातले, आणि २५०० मीटरच्या वर डोकेदुखी म्हणजे काय हे दुसऱ्यांना शिकवणारे! माथ्याजवळ हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोन तृतीयांशच असतो. शेवटच्या उभ्या चढावाआधी त्याला उलट्या सुरू झाल्या, पाय लटपटू लागले. औषधापेक्षा खाली उतरणे हाच खरा इलाज. वर तास-दीड तासावर माथा दिसत होता. तो म्हणत होता, "मी इथंच बसतो, तुम्ही जाऊन या." तसे करणे धोक्याचे होते. दोघांनी त्याला घेऊन वनरक्षकासह उतरायचे ठरले. कोणी उतरायचे यावर बराच वाद झाला, कारण प्रत्येक जण 'मी उतरतो' म्हणत होता. अखेर चिठ्ठ्या टाकल्या. आमची चिठ्ठी वर जाणाऱ्याची निघाली. आनंद झाला, आणि त्या आनंदाची लाजही वाटली.

माथ्यावर बोचरी थंडी होती. कडेवरून डोकावलो तर किलोमीटरभर रुंदीचे विवर, आणि खूप खोल तळाशी लाव्हाचे तळे. काळी साय धरते, तडकते, फटीतून तांबडे दिसते, पुन्हा साय. आवाज समुद्रासारखा. गंधकाच्या वासाने घसा धरला, तरी उठवेना.

२२ मे २०२१ रोजी डोंगराच्या अंगाला पुन्हा भेगा पडल्या आणि ते तळे रिकामे झाले. लाव्हा विमानतळाच्या अलीकडे थांबला, पण तीसहून अधिक माणसे दगावली. इथे घरी बसून दूरदर्शनवर ते पाहताना आम्ही त्या रबरी बूटवाल्यांची घरे शोधत होतो.

दुसऱ्या दिवशी किबाटीला उतरलो तेव्हा आमचा मित्र ओळखू न येण्याइतका ठणठणीत होऊन केळी खात बसला होता. त्याने एकच विचारले, "लाल होतं, की पिवळं?"

"नारिंगी," आम्ही म्हणालो. त्याने एक केळे आमच्या हातावर ठेवले.