स्टॅटिक आयपी घेण्याआधी

राउटरमधला चुकीचा बदल लगेच अंगाशी येत नाही, हीच त्यातली गोम. तो वर्षानुवर्षं निमूट पडून राहतो आणि मग राउटरला कुणी हातही लावलेला नसताना एके दिवशी जागा होतो. पुण्यात कोथरूडच्या आमच्या सोसायटीत हे मी जवळून पाहिलं.

कॅमेरे आणि त्यांचं चित्रण साठवणारा डीव्हीआर तपकीर गल्लीच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून आले. बसवणाऱ्या मुलाला सेक्रेटरीकाकांची अट एकच होती: पार्किंग मोबाइलवर दिसलं पाहिजे. त्यानं पोर्ट फॉरवर्डिंग केलं, चित्र येईना. यूपीएनपी चालू केलं, डीव्हीआर डीएमझेडमध्ये टाकला, शेवटी फायरवॉलही बंद केली. तरी नाहीच. "काका, लाइनचा प्रॉब्लेम आहे," असं सांगून तो गेला आणि सगळ्या सेटिंग्ज तशाच राहिल्या.

त्याचं म्हणणं खरं होतं. जुन्या पद्धतीचे आयपी पत्ते जगात सगळे मिळून सुमारे ४३० कोटी. आशियाच्या वाट्याचा साठा एप्रिल २०११मध्येच शेवटच्या गठ्ठ्यावर आला. म्हणून इंटरनेट कंपन्या एकाच पत्त्यामागे अनेक ग्राहक बसवतात. त्याला सीजीनॅट म्हणतात. एका पत्त्यामागे अनेक यंत्रं बसवणं म्हणजे नॅट; आपल्या राउटरचं नॅट पहिलं, कंपनीचं दुसरं, आणि बाहेरून आलेली विनंती त्या दुसऱ्यापाशीच थांबते. म्हणजे खोलीची दारं सताड उघडी, पण वाड्याचा दिंडी दरवाजा बंद.

मग कुणीतरी काकांना स्टॅटिक आयपी, म्हणजे फक्त आपला असा कायमचा जाहीर पत्ता, सुचवला. वर्षाचे पैसे भरले, त्याच संध्याकाळी चित्र आलं आणि काका खूश. पण दिंडी दरवाजा उघडल्यावर आतली दारं बंद करायचं कुणाच्या ध्यानात आलं नाही. आठवड्याभरात ऑफिसचं नेट रांगायला लागलं. राउटरच्या नोंदी उघडल्या, तर डीव्हीआर रात्रभर अनोळखी पत्त्यांवर माहितीचा मारा करत होता. त्याचा पासवर्ड कारखान्यातून आला तोच होता. २०१६मध्ये मिराय नावाच्या घुसखोर प्रोग्रामनं असेच साठेक ठरलेले पासवर्ड वापरून जगभरचे कॅमेरे, डीव्हीआर आणि राउटर ताब्यात घेतले होते. त्याच वर्षी २१ ऑक्टोबरला त्यांच्या जोरावर साइटच्या नावावरून तिचा पत्ता सांगणाऱ्या डाइन या कंपनीवर हल्ला झाला आणि ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या सेवा कित्येकांना काही तास मिळेनाशा झाल्या. तेव्हा "आमच्या पार्किंगचं चित्र बघून कोण काय करणार?" हा प्रश्नच गैरलागू आहे. चोराला चित्र नको असतं, यंत्र हवं असतं.

आता तुमच्या घरचं बघा. राउटरच्या स्टेटस पानावर वॅन आयपी दिलेला असतो. ब्राउझरमध्ये एखाद्या साइटवर दिसणारा आपला बाहेरचा आयपी त्याच्याशी ताडून पाहा. दोन्ही सारखे असतील, तर तुम्ही थेट इंटरनेटवर आहात. वॅन आयपी १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशानं सुरू होत असेल, तर सीजीनॅट आहे. पोर्ट फॉरवर्डिंगमध्ये रविवार घालवू नका. १९२.१६८नं सुरू होत असेल, तर बहुधा कंपनीचा फायबरचा डबाच राउटरचं काम करतोय आणि तुमचा राउटर त्याच्यामागे आहे.

स्टॅटिक आयपी घ्यायचाच असेल, तर कंपनीला फोन करण्याआधी आतलं आवरा. डीएमझेड आणि यूपीएनपी बंद, बाहेरून राउटर उघडण्याची सोय बंद, फायरवॉल चालू, पासवर्ड नवे. जुने फॉरवर्डिंगचे नियम दिसले की पुसा. एखादा नियम ठेवायचाच असेल, तर त्या यंत्राचा आतला पत्ता डीएचसीपी रिझर्वेशननं पक्का करा. नाहीतर एखाद्या गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जाते, परत आल्यावर डीव्हीआरला वेगळा पत्ता मिळू शकतो आणि उघडं पोर्ट तुमच्या लॅपटॉपकडे बोट दाखवत बसतं. बाहेरून काय दिसतं याची परीक्षा मोबाइल डेटावर घ्या; घरच्या वायफायवरून घेतलेली परीक्षा फसवी असते.

नॅट म्हणजेच सुरक्षा, असं समजणाऱ्यांनी आयपीव्ही६ या नव्या पद्धतीच्या पत्त्यांकडे बघावं. तिथे घरातल्या प्रत्येक यंत्राला सहसा स्वतःचा जाहीर पत्ता मिळतो, मध्ये नॅट नसतं. अडवणारी फक्त फायरवॉल. राउटरमध्ये आयपीव्ही६ची फायरवॉल बऱ्याचदा वेगळ्या पानावर असते. ती वेगळी तपासा.

आमचा डीव्हीआर रीसेट केला, त्याचं सॉफ्टवेअर नवं केलं. राउटर वायरगार्ड हे व्हीपीएन चालणारा घेतला. आता काका आधी मोबाइलवर व्हीपीएन लावतात, मग कॅमेरा बघतात. उघडं पोर्ट एकच, तेही चावी नसलेल्याला उत्तरच देत नाही. स्टॅटिक आयपी त्यासाठी ठेवावा लागला. कमिटीच्या सभेत त्या खर्चावर एका सभासदानं हरकत घेतली. त्यांची गाडी बहुतेक वेळा दुसऱ्याच्या जागेवर लावलेली दिसते.