मैदानाची प्रयोगशाळा

'खेळणारा मुलगा अभ्यासात मागे पडतो आणि अभ्यासात रमणाऱ्याला खेळ साधत नाही,' असे आपल्याकडे पुष्कळ घरांत ऐकू येते. जणू विद्या आणि खेळ यांच्यात छत्तीसचा आकडाच आहे! परंतु ज्यांनी या दोहोंचा उत्तम मेळ घातला, अशा एका प्राध्यापकाची ओळख आज आपण करून घेणार आहोत. त्यांचे नाव येन्स बांग्सबो.

बांग्सबो हे युरोपच्या उत्तरेकडील डेन्मार्क देशाचे. तरुणपणी ते नामांकित फुटबॉलपटू होते. आपल्या देशाच्या अव्वल साखळी स्पर्धेत ते 400 हून अधिक सामने खेळले. मात्र चेंडूमागे धावतानाच त्यांनी विद्याभ्यासही सोडला नाही. कोपनहेगन विद्यापीठात शरीरक्रियाविज्ञान हा त्यांचा विषय होता. या विद्यापीठाची परंपराही थोर आहे. स्नायूंतील केसासारख्या सूक्ष्म रक्तवाहिन्या गरजेप्रमाणे कशा उघडतात व मिटतात, हे याच विद्यापीठातील ऑगस्ट क्रोग यांनी शोधून काढले आणि त्याबद्दल त्यांना 1920 साली नोबेल पारितोषिक मिळाले. ज्या संस्थेला क्रोग यांचे नाव दिलेले आहे, त्याच संस्थेत बांग्सबो यांचे संशोधन बहरले.

त्यांच्यापुढे प्रश्न साधा होता: दीड तासाच्या सामन्यात फुटबॉलपटू नेमके किती श्रम करतो? प्रेक्षकाला वाटते, खेळाडू सारखा धावतच असतो. पण वाटणे निराळे आणि मोजणे निराळे. बांग्सबो आणि त्यांचे सहकारी यांनी सामना चालू असताना एकेका खेळाडूवर कॅमेरा रोखला. तो उभा किती वेळ राहिला, चालला किती, सावकाश पळाला किती आणि जीव तोडून धावला किती, याची त्यांनी बारकाईने नोंद ठेवली. 1991 साली या पाहणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. एक खेळाडू एका सामन्यात सरासरी 10.8 किलोमीटर अंतर काटतो, असे त्यांत आढळले. गंमत अशी, की यांतील निम्म्याहून अधिक वेळ तो उभा तरी असतो, नाहीतर चालत तरी असतो! वेगाने धावण्याचा वेळ अगदी थोडा. पण सामन्याचा निकाल पुष्कळदा त्या थोड्या क्षणांतच लागतो.

मग खेळाडू थकतो तो कशामुळे? आपले स्नायू साखरेपासून बनलेला ग्लायकोजेन नावाचा पदार्थ साठवून ठेवतात. कणगीत धान्य साठवावे, तसाच हा साठा. सामन्यापूर्वी व सामन्यानंतर खेळाडूंच्या मांडीतून सुईने स्नायूचा अत्यल्प अंश काढून या संशोधकांनी तो तपासला. सामना संपतेवेळी सुमारे निम्मे स्नायुतंतू या साठ्याच्या बाबतीत रिते किंवा जवळजवळ रिते झालेले दिसले. शेवटच्या घटकेला पाय का जडावतात, याचे एक कारण त्यातून हाती आले.

फुटबॉलमधील धाव ही अशी थांबत थांबत चालते. तेव्हा तिची परीक्षाही तशीच हवी, असे बांग्सबो यांनी ठरवले आणि 'यो-यो' नावाची चाचणी तयार केली. तिच्या एका प्रचलित प्रकारात 20 मीटर अंतरावर दोन खुणा असतात. ध्वनिफितीवरील इशारा होताच खेळाडूने एका खुणेकडून दुसरीकडे जायचे आणि पुन्हा परत यायचे. मग 10 सेकंद विसावा, की पुन्हा धाव. इशारे हळूहळू जलद होत जातात. दुसऱ्यांदा वेळेवर पोहोचता आले नाही, की चाचणी संपली. ना भारी यंत्रे, ना मोठा खर्च! म्हणूनच ती देशोदेशी पोहोचली.

बांग्सबो केवळ ग्रंथांत रमले नाहीत. 2001 ते 2004 या काळात ते इटलीतील युव्हेंटस या विख्यात संघाचे साहाय्यक प्रशिक्षक होते. मुख्य प्रशिक्षक मार्चेल्लो लिप्पी यांच्या हाताखाली या संघाने 2002 आणि 2003 साली इटलीचे विजेतेपद पटकावले. 2003 साली तो युरोपीय चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्यातही पोहोचला. तेथे मिलानविरुद्ध एकही गोल झाला नाही आणि अखेर पेनल्टींवर युव्हेंटसला हार पत्करावी लागली. शास्त्र खेळाडूला सिद्ध करते. यशाची हमी मात्र ते देत नाही.

या चाचणीचा आपल्या देशाशीही संबंध आला. 2017 च्या सुमारास भारतीय क्रिकेट संघाच्या निवडीत तिला महत्त्व प्राप्त झाले आणि पुढल्याच वर्षी काही नामवंत खेळाडूंना तीत कमी पडल्यामुळे संघाबाहेर राहावे लागले. तेव्हा वाद उठला. ज्याचा चेंडू भल्याभल्यांची भंबेरी उडवतो, त्याची योग्यता धावण्यावरून ठरवावी काय? प्रश्न रास्त आहे. चाचणी दम मोजते. मनगटातील कसब किंवा अंगचे धैर्य ती मोजू शकत नाही. मोजमाप हा आरसा आहे. आरसा चेहऱ्यावरील डाग दाखवतो, पण माणसाची पारख करणे हे पाहणाऱ्याचेच काम होय.

बांग्सबो यांनी आपले ज्ञान निष्णात खेळाडूंपुरते राखून ठेवले नाही, हे विशेष. सामान्य माणसांनी आठवड्यातून दोन-तीनदा गंमत म्हणून फुटबॉल खेळला तर त्यांच्या हृदयाला व हाडांना लाभ होतो, हे त्यांनी सहकाऱ्यांसह दाखवून दिले. 2012 साली त्यांनी धावण्याची एक सोपी रीतही मांडली: 30 सेकंद सावकाश, 20 सेकंद मध्यम आणि 10 सेकंद पूर्ण वेगाने. 7 आठवडे असा सराव करणाऱ्यांनी धावण्याचे एकूण अंतर जवळजवळ निम्मे केले, तरी त्यांचा वेग वाढला.

मुलांनो, मैदानावर पडलेला प्रश्न घेऊन हा खेळाडू प्रयोगशाळेत गेला आणि तेथे मिळालेले उत्तर घेऊन पुन्हा मैदानावर आला. उद्या संध्याकाळी खेळताना तुम्हांलाही धाप लागेल. तेव्हा क्षणभर थांबा आणि 'असे का होते?' हा प्रश्न स्वतःला विचारा. अभ्यासाचा आरंभ तेथूनही होऊ शकतो.

स्वाध्याय

१. फुटबॉलपटूच्या श्रमांची मोजणी संशोधकांनी कशी केली?
२. स्नायूंतील साठ्याला लेखकाने कशाची उपमा दिली आहे? ती का शोभते?
३. 'मोजमाप हा आरसा आहे' या वाक्याचा अर्थ उदाहरण देऊन स्पष्ट करा.
४. वाक्यांत उपयोग करा: छत्तीसचा आकडा असणे, भंबेरी उडवणे, जीव तोडून धावणे.
५. कबड्डी किंवा खो-खो खेळणाऱ्या तुमच्या मित्राच्या हालचाली 5 मिनिटे न्याहाळा आणि त्यांची नोंद वहीत करा.