पर्वतीय पक्षी आणि हवामान बदल : जनुकीय अभ्यासातून जोखमीचे मूल्यमापन

हवामान बदलाचा परिणाम पिके, कीडी व पशुधन यांप्रमाणेच वन्य पक्ष्यांवरही होत आहे. पर्वतमाथ्यावर राहणाऱ्या पक्ष्यांच्या बाबतीत हा परिणाम विशेष गंभीर ठरतो. मात्र एकाच पर्वतावरील सर्व पक्ष्यांना सारखाच धोका असतो असे नाही. कोणता पक्षी तग धरू शकेल आणि कोणता अडकून पडेल, हे केवळ संख्या मोजून कळत नाही. त्यासाठी जनुकीय अभ्यासाची मदत घेतली जाते.

उंचीची मर्यादा

समुद्रसपाटीपासून वर जाताना हवेचे तापमान दर १००० मीटरला सुमारे ६ ते ६.५ अंश सेल्सिअसने कमी होते. म्हणजेच तापमान १ अंशाने वाढले, तर पूर्वीचेच हवामान मिळवण्यासाठी पक्ष्याला साधारण १५० मीटर वर सरकावे लागते. पर्वत शंकूसारखा असल्याने वर जावे तसे क्षेत्र आक्रसत जाते आणि माथ्यानंतर जागाच उरत नाही. पेरू देशातील एका पर्वतधारेवर १९८५ मध्ये झालेल्या पक्षिगणनेची २०१७ मध्ये पुनरावृत्ती करण्यात आली. तेव्हा बहुतेक पक्षी वर सरकलेले आढळले आणि पूर्वी माथ्याजवळ राहणाऱ्या काही जाती तेथे सापडल्याच नाहीत.

वर सरकणे शक्य नसेल, तर दोन मार्ग उरतात : दुसऱ्या पर्वतावर स्थलांतर करणे किंवा आहे तेथेच बदलत्या परिस्थितीशी जुळवून घेणे. या दोन्ही शक्यतांची चाचणी जनुकांवरून करता येते.

कीड आणि पक्षी : एकच नियम, भिन्न गती

बीटी कापसातील विषाला गुलाबी बोंडअळीने प्रतिकारक्षमता कशी विकसित केली, हे विस्तार कार्यकर्त्यांना परिचित आहे. बोंडअळीची संख्या प्रचंड असते, एका हंगामात तिच्या अनेक पिढ्या होतात आणि मोठ्या संख्येत उपयुक्त जनुकीय भेद कोठे ना कोठे आधीच उपलब्ध असतो. निवडीचा दाब पडताच तो भेद वेगाने पसरतो.

पर्वतीय पक्ष्यांना हाच नियम लागू होतो, परंतु गती उलट असते. त्यांची संख्या थोडी, वर्षाकाठी पिल्ले मोजकी आणि समूह एकमेकांपासून तुटलेले असतात. लहान समूहात आप्तप्रजनन वाढते, जनुकीय विविधता घटते आणि जुळवून घेण्याची क्षमता खुंटते. म्हणून विविधता किती शिल्लक आहे आणि समूहांमध्ये जनुकांची देवाणघेवाण होते का, हे दोन प्रश्न महत्त्वाचे ठरतात.

अभ्यासाची पद्धत

प्रशिक्षित संशोधक वनविभागाच्या परवानगीने बारीक धाग्याच्या जाळ्यात पक्षी पकडतात, रक्ताचा एखादा थेंब घेतात आणि पक्ष्याला तेथेच सोडून देतात. या नमुन्यातून डीएनए वेगळा करून त्याचा अनुक्रम वाचला जातो. दोन समूहांच्या अनुक्रमांत जितका फरक अधिक, तितका त्यांचा संपर्क जुन्या काळी तुटला असे अनुमान निघते. अलीकडच्या काळातील तुटलेपणा ओळखण्यासाठी डीएनएचे झपाट्याने बदलणारे भाग तपासले जातात.

पश्चिम घाटातील पुरावा

केरळ व तमिळनाडूतील पश्चिम घाटाच्या उंच माथ्यांवर शोला नावाची खुरटी सदाहरित वने आणि गवताळ प्रदेश आढळतात. उष्ण दऱ्यांनी वेढलेले हे माथे पक्ष्यांसाठी जणू बेटेच आहेत. बेंगळुरू येथील राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रातील व्ही. व्ही. रॉबिन, उमा रामकृष्णन व सहकाऱ्यांनी नऊ ठिकाणांहून २३ जातींच्या ३५६ पक्ष्यांचा जनुकीय अभ्यास करून २०१५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले.

त्यानुसार २३ पैकी १० जातींमध्ये सर्वांत जुनी फारकत पालघाट खिंडीच्या दोन्ही बाजूंना आढळली. ही खिंड या पर्वतरांगेतील सर्वांत रुंद व खोल दरी आहे. या १० पैकी काही जाती अधिक अरुंद दऱ्यांमुळेही विभागल्या गेल्या आहेत. बहुतेक फारकती हिमयुगांच्या काळातील, म्हणजे हवामान वारंवार बदलत असतानाच्या आहेत. उर्वरित जातींवर दऱ्यांचा परिणाम कमी दिसला. समूहांमधील जनुकांची देवाणघेवाण हे त्याचे एक संभाव्य कारण मानले जाते.

शोलाकिली हा झुडपांच्या सावलीत, जमिनीलगत वावरणारा कीटकभक्षी पक्षी या विभागलेल्या गटात मोडतो. निलगिरीतील आणि पालघाटच्या दक्षिणेकडील शोलाकिली या भिन्न जाती आहेत. २०१७ मध्ये शोलाकिली आणि चिलप्पन या पक्ष्यांसाठी दोन नवे वंश प्रस्थापित करण्यात आले. एका पर्वतावरील समूह नष्ट झाल्यास शेजारच्या पर्वतावरील पक्षी येऊन ती जागा भरून काढतील, असे अशा जातींबाबत गृहीत धरता येत नाही.

भविष्यातील तफावतीचे अनुमान

आज कोणत्या हवामानात कोणते जनुकीय भेद आढळतात, याचे नाते मांडून उद्याच्या हवामानासाठी किती बदल लागेल, हेही काढता येते. उत्तर अमेरिकेतील पिवळ्या वार्बलरवर २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, ज्या समूहांना सर्वाधिक जनुकीय बदल करावा लागणार होता, त्यांची संख्या आधीच घटत असल्याचे दिसले. वार्बलर हा पर्वतीय पक्षी नसला, तरी ही पद्धत पर्वतीय पक्ष्यांनाही लागू करता येते.

जमीनवापराचा प्रश्न

हिमयुगातील फारकत माणसाच्या हाती नव्हती. आजची फारकत मात्र पुष्कळ अंशी आहे. पलनी टेकड्यांतील पर्वतीय गवताळ प्रदेश १९७३ ते २०१४ या काळात लाकडासाठीच्या लागवडी व शेतीमुळे दोन-तृतीयांशांनी घटला. शोलाकिलीच्या समूहांमध्येही मानवनिर्मित तुकडीकरणाच्या जनुकीय खुणा आढळल्या आहेत. तापमानवाढ आणि तुटलेपणा एकत्र आल्यास पक्ष्याचे दोन्ही मार्ग बंद होतात.

यात शेतकऱ्याचेही हित गुंतलेले आहे. कोस्टा रिकामधील कॉफी मळ्यांत पक्ष्यांमुळे फळे पोखरणाऱ्या भुंगेऱ्याचा प्रादुर्भाव सुमारे निम्म्यावर आल्याचे २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नोंदले गेले.

विस्तार कार्यासाठी मुद्दे

• डोंगराळ भागात चहा, कॉफी, वेलदोडा किंवा भाजीपाल्याच्या क्षेत्रातील ओढ्याकाठची स्थानिक झाडी व तिच्याखालील झुडपे राखावीत. वनांच्या तुकड्यांना जोडणारा तोच दुवा असतो.
• गवताळ माथ्यांवर निलगिरी वा वॅटल यांसारख्या परदेशी वृक्षांची लागवड टाळावी. गवताळ प्रदेश म्हणजे पडीक जमीन नव्हे.
• व्यापक परिणाम करणाऱ्या कीटकनाशकांऐवजी एकात्मिक कीड व्यवस्थापनाचा अवलंब करावा. कीटक हेच अनेक पर्वतीय पक्ष्यांचे अन्न आहे.
• एका पर्वतावरील पक्षी दुसरीकडे नेऊन सोडू नयेत. दीर्घकाळ वेगळ्या राहिलेल्या समूहांची सरमिसळ हानिकारक ठरू शकते.
• वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार परवानगीशिवाय पक्षी पकडणे गुन्हा आहे. पक्षी दिसल्याची तारीख, ठिकाण व उंची यांची नोंद ठेवणे मात्र कोणालाही शक्य आहे आणि संशोधनास ती उपयुक्त ठरते.

जनुकीय अभ्यास धोका दूर करत नाही, परंतु संख्या घटण्यापूर्वीच तो दाखवून देतो. त्याचा उपयोग डोंगरउतारावरील जमीन कशी राखली जाते, यावरच अवलंबून राहील.