नळदुर्गाच्या बंधाऱ्यावर रणगाडे

प्रश्न : आम्ही टेबलावर भविष्यातल्या रणगाड्यांचा युद्धखेळ खेळतो. नळदुर्गाच्या पाणीमहालाची सुट्या तुकड्यांची रणभूमी कशी करावी? – एक वाचक, तुळजापूर

उत्तर : जागा उत्तम निवडलीत! पाणीमहाल ज्याच्या पोटात आहे तो बोरी नदीवरचा बंधारा म्हणजे रणगाड्यांना अरुंद वाट. खेळाची सगळी चुरस तिथेच. थर्माकोलचे एक फुटी चौकोन कापा. नदी कडेला जिथे येईल तिथे बरोबर मध्यावर, सारख्याच रुंदीची ठेवा. मग तुकडे कसेही फिरवा, प्रवाह जुळतो. दगडांचे सांधे बोथट पेन्सिलीने दाबून काढा. स्प्रेचा रंग थेट मारू नका, थर्माकोल विरघळतो. आधी फेव्हिकॉल मिसळलेल्या काळ्या अ‍ॅक्रिलिकचा हात द्या. वाळल्यावर करडा रंग कोरड्या ब्रशने हलका फिरवला की बेसॉल्टचा पोत उठतो. किल्ल्यातला उपळी बुरूज नंतर करा. आधी बंधाऱ्यावर एक डाव खेळून पाहा.