गुळुंचवाडीच्या पुलाखाली

आळ्यात रेड्याच्या समाधीचं दर्शन झालं की पुण्या-मुंबईचे पाहुणे हमखास विचारतात, ‘आता जवळपास काय बघायचं?’ मी त्यांना नगरच्या रस्त्यानं, बेल्ह्याच्या पुढे आणे घाटात, गुळुंचवाडीला धाडतो. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा काळा खडक ओढ्यानं खालून पोखरत नेला आणि वर दगडाचा अख्खा पूल उभा राहिला. जवळच मळगंगेचं देऊळ. सोमवार मात्र टाळा, बेल्ह्याचा बाजार असतो.

प्रत्येकाला पुलाखाली उतरून फोटो हवा असतो. एका श्रावणात भाचा मित्रांना घेऊन आला होता. आमच्या डोक्यावर ऊन, पण आण्याच्या पठारावर आभाळ काळंभोर. मी चला म्हटलं, तर ‘मामा, दोनच मिनिटं!’ घोट्याएवढं नितळ पाणी बघता बघता चहाच्या रंगाचं झालं, त्यावर काडीकचरा आणि फेस आला. मी ओरडूनच सगळ्यांना वर घेतलं. शेवटचा पोरगा शेवाळावर घसरला. गुडघा फुटला, एक बूट गेला. काठावरून वळून पाहिलं तर तो उभा होता तो दगड पाण्याखाली गेलेला.

तेव्हा पावसाळ्यात पूल काठावरूनच बघा आणि आपल्या डोक्यावरचं नव्हे, पठारावरचं आभाळ बघा. उतरायचं तर दिवाळीनंतर. खडकाचा तुकडा काढायची हातोडी घरी ठेवा. कुकडीकाठच्या बोरीला गेलात तर तिथली राखही पिशवीत भरू नका. ती सुमात्रातल्या टोबा ज्वालामुखीची आहे आणि तिच्या वयावरून संशोधकांचा वाद अजून मिटलेला नाही.

दिवस मावळायच्या आत मात्र रस्त्याला लागा. आमच्याकडचा बिबट्या रानात कमी, उसात जास्त. उसाच्या कडेला लघवीला बसणं तर नकोच; बसलेला किंवा वाकलेला माणूस त्याला सावज वाटू शकतो. अंधार झालाच तर पोरं मधे ठेवा, बॅटरी हातात, मोबाइलवर गाणी मोठ्यानं. समोर आलाच तर पाठ दाखवून पळू नका, ओरडत मागे सरका.

ऊसतोडीत पिल्लं दिसली तर हात लावू नका, वनखात्याला १९२६ वर कळवा. त्यांच्या माणसांनी पिल्लं संध्याकाळी त्याच जागी ठेवली की बहुतेकदा मादी रात्री येऊन नेते. बघ्यांची गर्दी असली तर ती फिरकत नाही.