चला, इंग्रजी शिकूया : शब्द अडला, तर शेजारचे शब्द पाहा



"पोराची पाटी फुटली" आणि "शेणाची पाटी उचल गं." शब्द एकच, पाटी. तरी आपला घोटाळा होत नाही. पोराची म्हटलं की लिहायची, शेणाची म्हटलं की डोक्यावर घ्यायची. अर्थ कुणी सांगितला? शेजारच्या शब्दांनी. इंग्रजी बोलणं ऐकतानाही हेच करायचं.

संवाद १ : बँकेत
(एकीने साहेब व्हा, एकीने अध्यक्ष. मोठ्याने वाचा.)

साहेब : युवर ग्रुप इज गुड. बट युवर आउटस्टँडिंग इज ट्वेंटी थाउजंड रुपीज.
अध्यक्ष : सर, वी विल पे फाइव्ह थाउजंड टुडे.
साहेब : ओके. देन फिफ्टीन थाउजंड विल रिमेन.

अडलेला शब्द आहे आउटस्टँडिंग. मुलांच्या प्रगतिपत्रकावर तो 'उत्कृष्ट' या अर्थाने असतो. इथेही तोच अर्थ का? बघू.

१. ओळखीचे शब्द धरा. रुपीज म्हणजे रुपये, पे म्हणजे भरणे. म्हणजे बोलणं पैशाचं आहे.
२. छोटे शब्द सोडू नका. बट म्हणजे 'पण'. आधी कौतुक, मग 'पण'. म्हणजे पुढे काहीतरी वेगळं येणार.
३. हिशोब करा. वीसातून पाच भरले, पंधरा राहिले. म्हणजे आउटस्टँडिंग ही येणे बाकी, आणि रिमेन म्हणजे उरणे. एका हिशोबात दोन शब्द सुटले!
४. अर्थ घालून पाहा. "तुमची बाकी वीस हजार आहे." जुळलं. "तुमचं उत्कृष्ट वीस हजार आहे." नाही जुळत.

संवाद २ : फोनवर

अनोळखी माणूस : मॅडम, यू विल रिसीव्ह फाइव्ह थाउजंड रुपीज. स्कॅन धिस कोड, एंटर युवर पिन अँड प्रेस पे.

रिसीव्ह म्हणजे मिळणे. पैसे मिळणार म्हणतो आणि बटण दाबायला सांगतो 'पे'चं, म्हणजे देण्याचं! इथे शेजारचे शब्दच एकमेकांशी भांडतायत. असं झालं की अंदाज बांधत बसायचं नाही, फोन ठेवायचा. यूपीआयवर पैसे घेताना पिन टाकावा लागत नाही, कोडही स्कॅन करावा लागत नाही. पिन टाकला की पैसे आपल्याच खात्यातून जातात. गेलेच तर लाजून गप्प बसू नका. लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा आणि आपल्या बँकेलाही कळवा. जितकी घाई कराल, तितकी पैसे अडवण्याची आशा जास्त.

एक सावधगिरी : अंदाज हा बोलणं समजण्यासाठी आहे, सही करण्यासाठी नाही. कर्जाच्या कागदावर शब्द अडला, तर "साहेब, याचा अर्थ मराठीत सांगा," असं सरळ म्हणा. विचारण्यात कमीपणा नाही. सही आपली, फेडायचंही आपल्यालाच.

आता तुमची पाळी

सचिव : सर, व्हेन इज द इन्स्टॉलमेंट ड्यू?
साहेब : इट इज ड्यू ऑन द टेन्थ. इफ यू पे ऑन द ट्वेल्थ, देअर विल बी अ पेनल्टी.

इन्स्टॉलमेंट म्हणजे हप्ता, टेन्थ म्हणजे दहा तारीख, ट्वेल्थ म्हणजे बारा. मग ड्यू म्हणजे काय? पेनल्टी म्हणजे काय? खालचं उत्तर झाका आणि आधी आपसात बोला. कोणत्या शब्दावरून ओळखलं, तेही सांगा.

उत्तर : ड्यू म्हणजे भरायची वेळ झालेला, देय. पेनल्टी म्हणजे उशिराचा दंड.

पुढच्या बैठकीला प्रत्येकीने बँकेत, दवाखान्यात किंवा एसटीत ऐकलेला एक इंग्रजी शब्द आणा. नुसता शब्द नको, त्याच्या आजूबाजूचं बोलणंही आणा. अर्थ सगळ्या मिळून काढू.